२५ मार्चचा चौकोन

माझ्या धाकट्या भावाला आणि भावजयीला कॅनडात निर्वासित म्हणून संरक्षण मिळालं. अर्ज केल्यापासून जवळजवळ साडेचार वर्षं लागली. त्यातली अडीच वर्षं 'तुझ्या बोलण्यावर आमचा विश्वास बसत नाही' हे एवढं एक वाक्य पुसून काढण्यात गेली. मी बेळगावात, शहापुरात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. इथले सगळे कागद मी गोळा केले, आणि प्रकरण तिकडच्या कोर्टात गेलं तेव्हा रात्री बसून त्यातलं बरंचसं वाचूनही काढलं. त्या दिवसांत मराठीत काही लिहिलेलं मिळतंय का म्हणून खूप शोधलं, मिळालं नाही. कुणाच्या तरी घरी आज तेच चाललं असेल, म्हणून हे लिहिते आहे. भावाने वाचून 'लिही' म्हटलंय. नावं, जात, भावजयीचं गाव लिहीत नाही; ती माणसं अजून तिथेच आहेत.

भावजय चंदगड तालुक्यातली. कर्नाटकाची हद्द ओलांडून शिनोळी आली की तिचा तालुका लागतो. कॉलेजला रोज एसटीने बेळगावात यायची. दोघांची जात वेगळी. डिसेंबर २०१८ मध्ये दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली बेळगावच्या उपनोंदणी कार्यालयात नोटीस दिली. ही नोटीस तीस दिवस फलकावर लावून ठेवतात हे आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते असं, की दोघांपैकी एकाचं कायमचं राहणं दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची एक प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. ती कुणीतरी वाचली, मोबाइलवर फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो तिच्या सगळ्या भावकीत पोचला.

जानेवारी २०१९ मध्ये लग्न झालं. आधी फोन यायचे, मग माणसं यायला लागली. २५ मार्चला रंगपंचमी होती. इथे जरा थांबून सांगते, कारण पुढचं सगळं यावरच अडलं. बेळगाव शहरात रंग धुळवडीला खेळतात. आमच्या शहापूर-वडगाव भागात रंगपंचमीला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडे. मधला रेल्वेरूळ ओलांडला की रंगाचा दिवस बदलतो, आणि आम्हाला त्यात सांगण्यासारखं काही आहे असं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला दोन मोटारसायकलींवरून चौघे आमच्या गल्लीत आले. तोंडं रंगाने माखलेली, म्हणून कुणाला संशय आला नाही. भावाच्या डोक्यात सात टाके पडले, डावा हात मोडला. त्यातल्या एकाला भावजयीने आवाजावरून ओळखलं, तिचा चुलतभाऊ होता. हॉस्पिटलच्या कागदावर २५/०३/२०१९ ही तारीख आहे. तक्रार पोलिसांनी कन्नडमध्ये लिहून घेतली. पुढे तपासाचं विचारलं की इकडचे म्हणायचे, माणसं महाराष्ट्रातली आहेत, आणि तिकडचे म्हणायचे, घटना कर्नाटकातली आहे. सीमेवर राहणाऱ्याला हे नवीन नाही. मग दोघं पुण्याला गेली. तीन महिन्यांनी तोच चुलतभाऊ भावाच्या ऑफिसच्या दारात उभा होता. ऑगस्टमध्ये मोठा पूर आला, घरात गुडघाभर पाणी शिरलं आणि तक्रारीची पोच त्यात भिजून लगदा झाली. जानेवारी २०२० मध्ये भाऊ शिक्षणाच्या परवान्यावर कॅनडात गेला, भावजयही सोबत गेली. सप्टेंबरमध्ये तिच्या माहेरून निरोप आला, 'परत या, वाट बघतोय.' परवान्याची मुदतही सरत आली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी टोरोंटोजवळ निर्वासित म्हणून अर्ज केला.

भारताने निर्वासितांच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे त्याचा वेगळा कायदाही नाही. त्यामुळे इथल्या वकिलांना विचारून फारसं काही हाती लागत नाही. कॅनडा १९६९ पासून त्या करारात आहे. तिथे आधी एक सविस्तर फॉर्म भरायचा, त्यात आपल्यावर काय गुदरलं ते तारीखवार लिहायचं, मग असे दावे ठरवणाऱ्या मंडळाचा एक सदस्य समोर बसवून ऐकून घेतो. हे समोर बसून ऐकून घेणं सुरुवातीपासून नव्हतं. ४ एप्रिल १९८५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काही शीख अर्जदारांच्या खटल्यात सांगितलं, की माणूस खरा की खोटा हा प्रश्न असेल तर नुसत्या कागदांवरून ठरवू नका, त्याला बोलू द्या. भावाच्या वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. तेव्हा मला त्याचं एवढं काही वाटलं नाही.

२०२१ मध्ये मी इथून कागद पाठवले. हॉस्पिटलचा कागद, लग्नाचं प्रमाणपत्र, तक्रारीची नवीन नक्कल (माहिती अधिकारात अर्ज करून, दोन महिने), आणि आत्याचं प्रतिज्ञापत्र, कारण मारहाण तिच्या दारासमोर झाली होती. प्रतिज्ञापत्राला २० रुपयांचा ई-स्टँप, नोटरीचे दोनशे, टायपिंगचे दीडशे. कन्नड तक्रारीच्या भाषांतराला पानाला चारशे रुपये. कोरोनाचे दिवस होते, नोटरीकडे आत जायला दोघांनाच परवानगी. आत्या मराठीत सांगत होती आणि टायपिस्ट थेट इंग्रजीत टाइप करत होता. आत्या म्हणाली, "रंगाच्या दिवशी." त्याने टाइप केलं, 'होळीच्या दिवशी'. परत वाचून दाखवलं नाही, आम्हीही मागितलं नाही. आत्याने सही केली, मी पाकीट बंद केलं आणि कुरिअरला दिलं. बाविसशे रुपये लागले.

ज्यांना प्रतिज्ञापत्र करायचंय त्यांना हात जोडून सांगते: बोलणाऱ्याच्या भाषेत, त्याच्याच शब्दांत ते आधी लिहून घ्या. इंग्रजी भाषांतर वेगळं करा आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, भाषा आणि 'हे बरोबर आहे' अशी सही घ्या. ती सही तिथे लागतेच. कागद सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी तिकडे पोचावे लागतात, म्हणून इथून दीड महिना आधी निघायला हवेत.

सुनावणी १४ जून २०२२ ला व्हिडिओवर झाली, मराठी दुभाषा होता. ही सुनावणी बंद दाराआड असते, घरच्यांना बघता येत नाही. तीन तास चालली. नंतर भाऊ म्हणाला, "सगळं सांगितलं अक्का, सदस्य बाई शांतपणे ऐकत होत्या." आम्ही निर्धास्त झालो.

ऑगस्टमध्ये अकरा पानांचा नकार आला. धमक्यांपासून कुणाला असं संरक्षण मिळतं का, हा प्रश्न त्यात जवळजवळ नव्हताच. होतं ते एवढंच, की अर्जदार विश्वासार्ह नाही. कारणं तीन दिली होती. अर्जदार हल्ला २५ मार्चचा सांगतो, साक्षीदार होळीच्या दिवशीचा सांगते, आणि २०१९ मध्ये होळी २१ मार्चला होती; ज्या प्रसंगावर सगळा दावा उभा आहे त्याचीच तारीख जुळत नाही, मग हॉस्पिटलच्या कागदालाही फारसं वजन देता येत नाही. दुसरं, अर्जदार शहापूरचा म्हणवतो, पण कर्नाटकातलं शहापूर यादगीर जिल्ह्यात दिसतं, आणि कागदांवर कुठे बेळगाव तर कुठे बेळगावी आहे. तिसरं, जिवाची भीती होती तर देशात आल्यावर नऊ महिने गप्प का बसला?

मी ती पानं पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचली. डबा तसाच परत आणला. कुणी सांगितलं असतं, की तुझ्या भावाला मारलं ते खरं पण त्यासाठी देश सोडायची गरज नव्हती, तर मी वाद घातला असता. हे वाचून मात्र हातपाय गळाले. टाके पडले तेव्हा टॉवेल धरून मी बसले होते.

याविरुद्ध तिथेच वरच्या अपील विभागात जाता येतं. निकालाची कारणं हातात आल्यापासून पंधरा दिवसांत कळवावं लागतं. तिथे एक अडचण कळली. अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत. नकारानंतर घडलेला असेल, किंवा आधी मिळणं शक्यच नव्हतं, किंवा तेव्हा तो देण्याची अपेक्षा कुणी केली नसती, तरच घेतात. आत्याचं दुसरं प्रतिज्ञापत्र आम्ही पाठवलं, ते घेतलं नाही; हे आधीही देता आलं असतं, असं उत्तर आलं. त्या नियमापुरतं ते खरंच होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

९ फेब्रुवारीला रात्री भावाचा फोन आला. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "पंधरा दिवस आहेत म्हणूलालेत."

पुढची पायरी म्हणजे फेडरल कोर्टात न्यायालयीन पुनर्विलोकन. हा शब्दच मला अंगावर आल्यासारखा झाला. आमच्या गल्लीतले एक ज्येष्ठ वकील धारवाड खंडपीठात कामं चालवतात, त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "ताई, आपल्याकडे कलम २२६ खाली रिट करतो ना, तसंच समजा. तुमचा भाऊ खरा की खोटा, हे कोर्ट ठरवणार नाही. ज्याने खोटा ठरवला त्याने कारणं नीट दिली का, समोरचा पुरावा पाहिला का, तेवढं बघेल." त्यांनी याचे पैसे घेतले नाहीत. पुढे जेव्हा जेव्हा माझा गोंधळ झाला तेव्हा त्यांचं हेच बोलणं आठवायचं.

तिकडची रीत अशी. निर्णय हातात आल्यापासून पंधरा दिवसांत अर्ज दाखल करायचा. कोर्टाची फी फक्त ५० डॉलर. पण हा नुसता परवानगीचा अर्ज असतो. न्यायाधीश आधी कागद वाचून ठरवतात की हे ऐकण्याजोगं आहे का. परवानगी नाकारली तर कारण देत नाहीत आणि त्यावर अपील नाही. बहुतेक प्रकरणं इथेच संपतात, हे वकीलबाईंनी न लपवता सांगितलं. दिलासा एका गोष्टीचा होता: अपील विभागाच्या निकालाविरुद्ध वेळेत अर्ज केला तर त्याचा निर्णय लागेपर्यंत देशाबाहेर काढणं आपोआप थांबतं. हे सगळ्यांना लागू नसतं, काही जणांना त्यासाठी वेगळी मागणी करावी लागते, म्हणून आपलं कशात बसतं ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

आणखी एक. फेडरल कोर्टाचे निकाल सगळ्यांना वाचता येतील असे प्रसिद्ध होतात, नावासकट. ज्यांच्यापासून पळून गेलो त्यांनाही ते वाचता येतात. नाव झाकण्याची मागणी परवानगीच्या अर्जातच करता येते. आम्हाला हे वकीलबाईंमुळे कळलं. आमच्या निकालात फक्त आद्याक्षरं आहेत.

बाईंची फी साडेचार हजार डॉलर, तेव्हाचे पावणेतीन लाख रुपये. पहिल्या सुनावणीला सरकारी कायदा मदत मिळाली होती, इथे मिळाली नाही. आईने पाटल्या काढून दिल्या. मीच त्या माझ्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या आणि पावतीवर स्वतःच सही केली.

२१ फेब्रुवारीला अर्ज दाखल झाला. त्यानंतर तीस दिवसांत पूर्ण कागदपत्रं आणि लेखी युक्तिवाद द्यायचा होता. बाई म्हणाल्या, सुनावणीचं ध्वनिमुद्रण मागवलंय, तुम्हा दोघांपैकी कुणीतरी मराठी आणि इंग्रजी दोन्ही कानांनी ऐका. भाऊ गोदामात रात्रपाळी करत होता. ऐकायचं काम माझ्याकडे आलं. पतसंस्थेत मार्चअखेर, घरी यायला साडेआठ. जेवून दहाला बसायची, कानात इअरफोन, समोर शंभरपानी वही. डाव्या बाजूला मिनिट, मध्ये भाऊ काय बोलला, उजवीकडे दुभाष्याने काय सांगितलं. तीन तासांचं मुद्रण ऐकायला मला अकरा रात्री लागल्या. भावाचा आवाज मध्येच अडखळायचा, तिथे मी थांबवायची आणि परत ऐकायची.

सहाव्या रात्री, एक तास चौदा मिनिटांवर ते सापडलं. सदस्य विचारतात, आत्या होळी म्हणते, तुम्ही २५ म्हणता, असं कसं? भाऊ म्हणतो, "आमच्या शहापुरात होळीला रंग नसतो मॅडम, पाच दिवसांनी पंचमीला असतो. आत्या रंगाचा दिवस म्हणून होळी म्हणाली असेल." आणि दुभाष्याने ते जवळजवळ शब्दशः इंग्रजीत सांगितलंय. सदस्य म्हणतात, बरं, आणि पुढच्या प्रश्नाला जातात.

मी अकरा पानांचा तो निकाल परत काढला, अपिलाचाही काढला. पंचमीबद्दल दोन्हींत एक अक्षर नव्हतं. पहिल्या अपिलात आमच्या बाईंनी यावर एक परिच्छेद लिहिला होता, त्याचाही उल्लेख नव्हता. रात्री पावणेबाराला बाईंना मिनिटांसकट मेल केला. तिकडे दुपार होती. वीस मिनिटांत उत्तर आलं: आपला युक्तिवाद हाच.

नंतर त्यांनी मला समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते. १९७९ च्या माल्डोनाडो नावाच्या निकालापासून तिथे धरून चालतात, की अर्जदाराने शपथेवर सांगितलेलं खरं मानायचं, शंका घ्यायला सबळ कारण असेल तरच नाही. म्हणून शंका घेणाऱ्याने कारण दाखवायचं असतं. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने वाविलोव्ह खटल्यात सांगितलं, की निर्णय वाजवी हवा, म्हणजे त्यातली कारणं वाचून कळायला हवीत, एकमेकांना धरून हवीत, आणि माणसाने मांडलेल्या मुख्य मुद्द्याला त्यांत उत्तर हवं. न पटलं तर न पटल्याचं कारण द्या, पण जणू तो बोललाच नाही असं करू नका. भावाने उत्तर दिलं होतं, ते मुद्रणात होतं, आणि दोन निकालांत ते कुठेच नव्हतं.

आईला मी हे सांगत होते तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तारीख पायजे होय? मला विचारायचं की." हात पुसून आत गेली आणि दिवाणाखालच्या ट्रंकेतून जुन्या दिनदर्शिकांची गुंडाळी घेऊन आली. आमच्याकडे दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब असतो. २०१९ चं मार्चचं पान उघडलं. प्रत्येक चौकोनात तिच्या अक्षरात 'दीड', 'दीड', 'एक'. २५ तारखेच्या चौकोनात छापलेलं 'रंगपंचमी' आणि त्याखाली पेनाने: 'दूध नाही. बाळाला दवाखाना. टाके ७. रु. २०००'. बाळ म्हणजे माझा भाऊ. पानाच्या कोपऱ्याला पुराच्या पाण्याचा तपकिरी डाग होता. २६ आणि २७ चे चौकोन कोरे होते.

मी फोटो काढून लगेच पाठवला. बाईंचं उत्तर वाचून मला रडू आलं. पुरावा चांगला आहे, पण कोर्टात देता येणार नाही. पुनर्विलोकनात निर्णय घेणाऱ्यासमोर जे होतं तेवढंच कोर्ट बघतं. त्यांच्यासमोर नसलेल्या कागदावरून त्यांची चूक काढता येत नाही. आईला हे कसं सांगावं कळेना. ती म्हणाली, "मग ठेवून दे. लागंल." पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि पाटल्यांच्या रिकाम्या डबीजवळ ठेवलं.

मग वाट बघणं. सरकारी वकिलांना उत्तराला तीस दिवस, त्यावर आम्हाला दहा. त्यानंतर कोणतीही तारीख नाही. एप्रिल, मे, जून, पाऊस, गणपती. भाऊ रोज कोर्टाच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघायचा. भावजयीला झोप लागेनाशी झाली, तिच्यासाठी तिथल्या एका समुपदेशकाकडे जायला सुरुवात केली. ते आधी करायला हवं होतं असं आज वाटतं. इथे लोक विचारायचे, पोराचं झालं का? मी 'चाललंय' एवढंच म्हणायची. एका ओळखीच्याने विचारलं, असा अर्ज करायला गोष्ट कशी लिहायची, माझ्या भाच्यालाही पाठवायचंय. मी नाही सांगितलं, आणि त्याच्याशी माझं बोलणं कमी झालं. रचलेल्या गोष्टी येतात म्हणून खऱ्या माणसाच्या होळी-पंचमीवर एवढा संशय घेतला जातो, हे मी त्या वर्षी रोज भोगत होते.

२० सप्टेंबर २०२३ ला परवानगी मिळाली. त्यानंतर सुनावणी तीस ते नव्वद दिवसांच्या आत ठेवावी लागते. तारीख लागली ५ डिसेंबर, सकाळी साडेनऊ, म्हणजे आपल्याकडे रात्री आठ. ही सुनावणी खुली असते. व्हिडिओवर होती, आधी नाव नोंदवून मला बघता आली. आईला शेजारी बसवलं. तिला इंग्रजी कळत नाही, तरी हलली नाही.

मी समजत होते की भावाला बोलायला देतील. साक्ष नाही, प्रश्न नाहीत, अर्जदाराने फक्त ऐकायचं. दोन्ही वकील आणि न्यायाधीश, दीड तास. शहापूरच्या मुद्द्यावर फार वेळ गेला नाही. बेळगावचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं हे मंडळाच्या स्वतःच्या माहितीसंचातच होतं. नऊ महिन्यांच्या उशिरावर सरकारी वकिलांनी जोर दिला. त्यावर आमच्या बाई म्हणाल्या, की तेवढा काळ त्याच्याकडे वैध परवाना होता, कुणी त्याला देशाबाहेर काढणार नव्हतं. मग न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, पाच दिवसांनी रंग खेळतात असं अर्जदाराने सांगितलंय, त्याचा विचार निर्णयात कुठे आहे ते मला दाखवाल का? वकिलांनी पानं चाळली. कागदांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता. ते म्हणाले, स्पष्ट उल्लेख नाही, पण एकूण निर्णयावरून विचार झाला असं धरता येईल. न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. आईने माझा हात दाबला आणि विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पंचमीचं विचारलं."

१८ जानेवारी २०२४ ला निकाल आला. अपिलाचा निर्णय रद्द, प्रकरण दुसऱ्या सदस्यापुढे नव्याने पाठवावं. अर्जदार खरा आहे असं कोर्टाने कुठेही म्हटलं नव्हतं. उत्तराची दखल न घेता त्याला खोटं ठरवता येत नाही, एवढंच म्हटलं होतं. हे ज्यांच्या घरी चाललंय त्यांनी मनाची तयारी ठेवा: कोर्टात जिंकणं म्हणजे संरक्षण मिळणं नव्हे, परत रांगेत उभं राहणं आहे. त्या रात्री आम्ही पेढे आणले नाहीत.

जूनमध्ये अपील विभागाच्या नव्या सदस्याने सांगितलं, की साक्ष परत ऐकल्याशिवाय ठरवता येणार नाही, आणि प्रकरण पहिल्या पायरीवर पाठवलं. कागदावर हे मागे जाणं होतं, पण आमच्यासाठी दार उघडलं. नव्या सुनावणीत नवा पुरावा देता येत होता.

या वेळी मी घाई केली नाही. आत्याचं प्रतिज्ञापत्र मराठीत, तिच्याच बोलीत लिहिलं, नोटरीसमोर मोठ्याने वाचून दाखवलं, दोन ठिकाणी तिने दुरुस्ती सांगितली. ई-स्टँप आता २० चा १०० झाला होता. तिने त्यात म्हटलं, 'आम्ही रंगपंचमीलाच रंग खेळतो, पहिल्या कागदात होळी लिहिलं ते मला वाचून दाखवलं नव्हतं.' घरपट्टीच्या पावत्या, शहापूर कुठे आहे ते दाखवणारा नकाशा, जागांच्या आणि माणसांच्या नावांची स्पेलिंगं कोणत्या कागदावर कशी आहेत त्याचा एक तक्ता. हा तक्ता सगळ्यांनी करावा. आपल्या भागात शाळेचा दाखला मराठीतून, तक्रार कन्नडमधून, आधार इंग्रजीतून, आणि एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी. आपल्याला ते रोजचं आहे, परक्या माणसाला नाही. आणि आईच्या अक्षरातलं मार्चचं पान, भाषांतरासकट. मूळ पान कुरिअरने पाठवताना तिने दुकानदाराला दोनदा विचारलं, ओलं नाही ना होणार?

सुनावणी २६ फेब्रुवारी २०२५ ला. त्या दिवशी महाशिवरात्र होती. आई पहाटे कपिलेश्वराला जाऊन आली, दिवसभर उपास. तिकडे सकाळी नऊला सुरू झालं, इथे साडेसात. या वेळी सदस्याने पुण्याचंच जास्त विचारलं: पुण्यात नाही तर दिल्लीत, मुंबईत का राहिला नाहीत? भारतातून गेलेल्यांना हा प्रश्न येतोच, त्याची तयारी असावी. पुण्यात चुलतभावाने कसं शोधलं, कुणाकडून पत्ता मिळवला, ते भावजयीने सांगितलं. दिनदर्शिकेचं पान पडद्यावर दाखवलं तेव्हा सदस्याने विचारलं, हे 'दीड' म्हणजे काय? भाऊ म्हणाला, दीड लिटर दूध.

रात्री सव्वाअकराला फोन आला. निर्णय तोंडीच, तिथल्या तिथे दिला होता. दोघांचाही दावा मान्य. भाऊ म्हणाला, "अक्का, विश्वास बसला म्हणाल्या." हे शब्द त्याने तीनदा उच्चारले.

लेखी निकाल मार्चच्या पहिल्या आठवड्यात हातात आला. सरकारला त्यावर अपिलासाठी पंधरा दिवस असतात, म्हणून कुणाला सांगितलं नाही. ते दिवस सरले तेव्हा आमच्याकडे रंगपंचमी होऊन गेली होती. आता कायम रहिवासाचा अर्ज केलाय, त्यालाही वेळ लागेल. भावाला इकडे मात्र येता येणार नाही. ज्या देशापासून संरक्षण मागितलं तिथेच परत गेलं तर मिळालेलं संरक्षण काढून घेता येतं. वकीलबाईंनी हे आईला व्हिडिओवर समजावून सांगितलं, मी मराठीत सांगत गेले.

म्हणून आईच जाणार आहे. तिचा पासपोर्ट नाही. गेल्या रविवारी आम्ही दोघी फॉर्म भरायला बसलो. तिच्या शाळेच्या दाखल्यावर बेळगाव आहे, आधारवर बेळगावी, आणि रेशनकार्डावर तिच्या नावात एक अक्षर जास्त आहे. फॉर्म बाजूला ठेवला. आधी रेशनकार्ड दुरुस्त करून घेतोय.